आन ह्यांगनं उतरवून आणलेली पुस्तकं: कोरियात नवकन्फ्यूशियस विचार रुजला कसा?

दगडफूल

सोसू सॉवॉनच्या आवारात शिरलं की पाइनच्या राईत, मुख्य दाराच्या आधीच, दोन उंच दगडी खांब लागतात. जोडीनं, समोरासमोर, मध्ये थोडी फट. मला वाटलं, पडलेल्या कमानीचे असतील. पाटी वाचली तेव्हा कळलं की ते बौद्ध मठाचे आहेत. सणासुदीला मठाची पताका लावायची काठी या दोन दगडांच्या बेचक्यात उभी करत. मठाचं नाव सुक्सुसा. मठ गेला, खांब तेवढे राहिले, आणि त्याच जागेवर सोळाव्या शतकात कोरियातलं पहिलं सॉवॉन उभं राहिलं. सॉवॉन म्हणजे कन्फ्यूशियसच्या परंपरेतली शाळा आणि गुरुजनांचं स्मृतिमंदिर, दोन्ही एकाच कुंपणात.

नोकरीनिमित्त मी तीन वर्षं कोरियात, देजॉनला आहे. गेल्या महिन्यात योंगजूला गेले, तिथून हे सॉवॉन आहे त्या सुनहुंगला, ते एका माणसासाठी: आन ह्यांग (१२४३–१३०६). इथं कोरियन मालिका बघणारे बरेच जण आहेत. जोसॉन काळातले राजे, मंत्री, ती काळी जाळीदार टोपी हे सगळं त्यांच्या चांगलं ओळखीचं आहे. त्या जगाची मुळं शोधत मागे गेलं की आपण जोसॉनच्या आधीच्या गोर्यो राजवटीत, या माणसापाशी येऊन पोचतो. म्हणून हा धागा काढते आहे.

आन ह्यांग जन्मला तेव्हा मंगोलांच्या स्वाऱ्या चालू होत्या. पहिली १२३१ साली झाली. दुसऱ्याच वर्षी दरबार राजधानी सोडून गांगह्वा बेटावर गेला आणि १२७० पर्यंत तिथंच राहिला. या संकटात राज्यानं बुद्धाला साकडं घातलं आणि सगळं त्रिपिटक लाकडी फळ्यांवर कोरून काढलं. त्या ८१,२५८ फळ्या आज हेइन्सा मठात जपून ठेवल्या आहेत. आन ह्यांग ज्या देशात वाढला तो असा, नखशिखांत बौद्ध. लहानपणी तो स्वतः सुक्सुसा मठात अभ्यासाला जाई असं सुनहुंगमध्ये सांगतात. १२६० साली तो सरकारी परीक्षा पास झाला. पुढे सांगजूला अधिकारी असताना, अंगात देव आणून गावोगाव फिरणाऱ्या मांत्रिक बायकांना त्यानं धरून शिक्षा केली. त्यांनी देवाच्या नावानं धमकावलं, तरी बधला नाही.

त्याची चार ओळींची एक चिनी कविता आहे. आशय असा: जिथं बघावं तिथं धूपदीप लावून बुद्धाची प्रार्थना चाललेली, घरोघरी बासऱ्या वाजवून भुताखेतांची पूजा चाललेली, कन्फ्यूशियसचं तेवढं दोन-चार खोल्यांचं देऊळ, अंगणभर वसंतातलं गवत माजलेलं, आणि आत चिटपाखरू नाही. ते गवत मला फार लागलं. ज्या अंगणात कुणी फिरकत नाही तिथंच गवत माजतं, आणि हा माणूस ते उभा राहून बघतो आहे.

१२८९ च्या शेवटी राजा चुंगन्योल आणि राणी दादूला, म्हणजे आजच्या बीजिंगला गेले. राणी कुबलाई खानाची मुलगी, म्हणजे ही माहेरची वारी. आन ह्यांग त्यांच्या लवाजम्यात होता. तिथं त्याच्या हाती चिनी विचारवंत झू शीची (११३०–१२००) पुस्तकं पडली. त्यानं केलेली कन्फ्यूशियसच्या विचाराची नवी मांडणी म्हणजेच नवकन्फ्यूशियस विचार. त्यानं ती हातानं उतरवून घेतली, कन्फ्यूशियस आणि झू शी यांच्या चित्रांच्याही नकला केल्या, आणि १२९० च्या वसंतात परतला. मधले महिने ऐन हिवाळ्याचे. दादूच्या थंडीत, परक्या राजधानीत, दौतीवर वाकून पानामागून पान उतरवणारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचा सरकारी अधिकारी मला डोळ्यांसमोर दिसतो.

पुस्तकं आणून तो थांबला नाही, म्हणून मला तो मोठा वाटतो. सरकारी विद्यालय खंगलेलं होतं, पैसा नव्हता. १३०४ साली त्यानं वर्गणीची योजना मांडली: सहाव्या श्रेणीपासून वरच्या प्रत्येक अधिकाऱ्यानं एक गन (तिथलं वजनाचं माप) चांदी द्यायची, सातव्यापासून खालच्यांनी कापड. मुद्दल राखायचं आणि व्याजावर विद्यालय चालवायचं. या निधीचं नाव सॉमहाकजॉन. राजानंही भर घातली. गो से नावाचा एक अधिकारी मात्र अडून बसला: मी लष्करी माणूस, माझा काय संबंध? आन ह्यांगनं त्याला सुनावलं की मुलानं बापाशी, धाकट्यानं थोरल्याशी, मंत्र्यानं राजाशी कसं वागावं हे कुणी शिकवलं? ते मान्य असेल तर त्या गुरूच्या शाळेला तू कसा नाही म्हणतोस? गो से वरमला आणि त्यानं पैसे दिले. हा प्रसंग गोर्योच्या अधिकृत इतिहासात नोंदलेला आहे. शिवाय आन ह्यांगनं किम मुनजॉंग नावाच्या विद्वानाला चीनला पाठवून कन्फ्यूशियस आणि त्याच्या ७० शिष्यांची चित्रं, पूजेची भांडी आणि ग्रंथ मागवले.

म्हातारपणी तो झू शीचं चित्र भिंतीवर लावून बसे. झू शीचं एक टोपणनाव ‘ह्वेआम’, त्यातलं पहिलं अक्षर उचलून यानं स्वतःला ‘ह्वेहॉन’ म्हणवून घेतलं. त्याच्या मृत्यूनंतर, १३१८ साली, राजानं त्याचं चित्र काढून घेतलं. ते कोरियाचा राष्ट्रीय ठेवा आहे आणि सोसू सॉवॉनचंच आहे. गोल चेहरा, लालसर झगा, नजर थोडी बाजूला वळलेली.

फोटो टाकते आहे. ज्यांनी या विषयावर वाचलंय त्यांनी भर घालावी.

काठावरचा

सुंदर लेख. माझा अगदी प्राथमिक प्रश्न आहे. कन्फ्यूशियस तर बुद्धाच्या आसपासच्या काळातला. कोरियात त्याचे ग्रंथ आन ह्यांगच्या आधीही असणारच, नाहीतर परीक्षा कसली घेत होते? मग या ‘नव’ मध्ये नवं काय होतं?

पिंपळपान

@काठावरचा, बरोबर. गोर्योत सरकारी परीक्षा ९५८ पासून होत्या आणि त्यात जुने कन्फ्यूशियसी ग्रंथ होतेच. पण त्यांचा उपयोग कारभारापुरता, अर्ज-फर्मानं-कविता लिहिण्यापुरता. जगायचं कसं याला कन्फ्यूशियस, आणि मरण, दुःख, मन, विश्व यांना बुद्ध, अशी वाटणी होती. ती कुणाला खटकत नव्हती.

झू शीनं नेमकी ही वाटणी मोडली. त्याचं म्हणणं, प्रत्येक वस्तूत एक ‘ली’ असते, म्हणजे ती वस्तू तशी असण्यामागचं तत्त्व. आणि ‘ची’ असते, म्हणजे जिच्यापासून ती घडते ते द्रव्य, तो प्राण. (कोरियनमध्ये ‘ई’ आणि ‘गी’.) त्याचंच उदाहरण: नाव पाण्यावरच चालते, गाडी जमिनीवरच. हे कुणी त्यांना शिकवलं नाही, ती त्यांची ली आहे. माणसाचीही ली आहे, आणि ती मुळात चांगली आहे. ‘ची’ गढूळ असेल तर ती झाकली जाते. म्हणून अभ्यास करायचा, मन स्थिर ठेवायचं, एकेका गोष्टीच्या मुळाशी जायचं. म्हणजे जे शोधायला माणूस मठात जात होता ते आता त्याला घरात, बायकामुलांत, कचेरीत राहून मिळणार होतं. संसार सोडायची गरज उरली नाही. आन ह्यांगसारख्या संसारी अधिकाऱ्याला हे किती जवळचं वाटलं असेल!

वाळूघड्याळ

लेख आवडला, पण एका माणसाला इतकं श्रेय द्यायला मी तयार नाही. पुस्तकं आली म्हणून विचार रुजत नाही. आन ह्यांगबरोबरच बेक ईजॉंगचं नाव घ्यायला हवं. तो दादूत राहून झू शीचा विचार शिकून आला, आणि यी जेह्यॉन (१२८७–१३६७) त्याचा शिष्य. उ ताक नावाच्या विद्वानानं तर यीजिंग या प्राचीन चिनी ग्रंथावरचा, झू शीच्या आधीच्या चेंग यीचा भाष्यग्रंथ कुणाला कळेना म्हणून दार लावून महिनाभर त्यावर घालवला, आणि मग विद्यार्थ्यांना शिकवला. राजा चुंगसॉननं गादी सोडल्यावर दादूत ग्रंथालय काढलं, मानग्वॉनदांग, ‘दहा हजार ग्रंथांचं दालन’. तिथं यी जेह्यॉनला बोलावून घेतलं आणि चिनी पंडितांच्या पंगतीला बसवलं.

खरा धक्का परीक्षेनं दिला. युआन दरबारानं, म्हणजे चीनवर राज्य करणाऱ्या मंगोलांच्या दरबारानं, १३१३ मध्ये परीक्षा पुन्हा सुरू करायचं फर्मान काढलं आणि झू शीची भाष्यं प्रमाण ठरवली. गोर्योच्या विद्वानांना या परीक्षेला बसता येत होतं. जो ग्रंथ परीक्षेला लागला तो घरोघरी पोचणारच. यी सेक (१३२८–१३९६) ती परीक्षा पास होऊन आला आणि १३६७ मध्ये पुन्हा उभारलेल्या सोंगग्युन्ग्वानचा, म्हणजे राष्ट्रीय विद्यालयाचा, प्रमुख झाला. जॉंग मोंगजू तिथंच शिकवत होता, जॉंग दोजॉनही. त्या एका पिढीनं देश बदलला.

आणि त्या पिढीचं काय झालं तेही लक्षात ठेवावं. जॉंग मोंगजूनं गोर्योशी इमान सोडलं नाही, १३९२ मध्ये त्याला गोर्योची राजधानी केसोंगच्या सॉन्जुक पुलावर मारलं. जॉंग दोजॉननं नवी जोसॉन राजवट उभी केली, १३९८ मध्ये तोही मारला गेला. दोघांच्या मागे एकच माणूस, जोसॉनच्या पहिल्या राजाचा मुलगा यी बांगवॉन. दोघे एकाच झू शीचे शिष्य, एक जुन्या राजासाठी मेला आणि एक नव्या राज्यासाठी.

दगडफूल

@वाळूघड्याळ, परीक्षेचा मुद्दा पूर्ण मान्य. पण आन ह्यांगची वह्या उतरवण्याची खटपट त्या फर्मानाच्या तेवीस वर्षं आधीची आहे. तेव्हा या पुस्तकांवर कुठली परीक्षा नव्हती, बढती नव्हती. काही मिळणार नसताना जो उतरवत बसला त्याला मी वेगळा धरते.

@पिंपळपान, मनापासून आभार. नाव-गाडीचं उदाहरण मी इथल्या सहकाऱ्यांनाही सांगणार आहे.

रानजाई

दगडफूलताई, एक गोष्ट राहिली आणि ती राहू नये असं मला फार वाटतं.

आन ह्यांगनं विद्यालयाला चांदी आणि कापड मिळवून दिलं तशी माणसंही दिली. स्वतःचे गुलाम. परंपरेनं शंभर सांगतात. राजधानी केसोंगहून हानयांगला, म्हणजे आजच्या सोलला आली आणि १३९८ मध्ये तिथं सोंगग्युन्ग्वान बांधलं गेलं. तेव्हापासून विद्यालयाभोवती ज्यांची वस्ती झाली ते लोक स्वतःला त्या शंभरांचे वंशज मानत. वस्तीचं नाव बानचोन, माणसांना म्हणत बानइन. विद्यार्थ्यांचा स्वयंपाक, झाडलोट, पूजेची तयारी, निरोप पोचवणं, सगळं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे. पूजेसाठी जनावरं कापायची तीही यांनीच. त्यातूनच पुढे हानयांगमध्ये गोमांस विकण्याचा हक्क त्यांना मिळाला, आणि विद्यालय त्यांच्याकडून त्याचा करही घेई. कोरियात गुलामी कायद्यानं संपली १८९४ मध्ये. आन ह्यांगच्या दानापासून मोजली तर जवळजवळ सहाशे वर्षं.

विचार कसा पसरला हे सांगताना आपण पुस्तकं मोजतो, राजे मोजतो. ज्यांनी चुली पेटत्या ठेवल्या त्यांना मोजत नाही. मला आन ह्यांगबद्दल आदर आहे. पण ‘मूळ स्वभाव चांगला’ असं प्रत्येक माणसाबद्दल सांगणारा विचार शिकवण्यासाठी माणसं दान दिली गेली, हे मला आदर ठेवूनही गिळता येत नाही.

काठावरचा

हे वाचून थोडा वेळ काहीच लिहावंसं वाटलं नाही. धन्यवाद, रानजाई.

सईची_आई

रानजाईच्या प्रतिसादाला धरूनच लिहिते. या विचाराची सगळ्यात मोठी किंमत बायकांनी मोजली.

गोर्योत लग्नानंतर नवरा बायकोच्या माहेरी येऊन राही, मुलं आजोळी वाढत. वाटणीत मुलीला मुलाइतकंच मिळे. विधवा पुन्हा लग्न करत. १४७६ मध्ये छापलेली आंदोंगच्या ग्वॉन घराण्याची वंशावळ आहे, कोरियातली सगळ्यात जुनी टिकलेली. तिच्यात मुलगे-मुली जन्माच्या क्रमानं लिहिले आहेत, मुलींचे वंशजही आहेत, आणि बाईचं दुसरं लग्न झालं असेल तर दुसऱ्या नवऱ्याचं नावसुद्धा. जोसॉन सुरू होऊन ऐंशीहून जास्त वर्षं झाली होती तरी असं!

मग १४८५ च्या कायद्याच्या संहितेत आलं की पुनर्विवाह केलेल्या बाईच्या मुलांना आणि नातवांना परीक्षेला बसता येणार नाही. बाईला थेट कुणी अडवलं नाही. तिच्या पोराचं भविष्य अडवलं, आणि मग ती आपोआप थांबली. सतराव्या शतकाच्या शेवटापर्यंत सगळा डोलारा थोरल्या मुलाकडे गेला: जमीन, पितरांची पूजा, वंशावळ. मालिकांत दिसणारी सासरी नांदायला आलेली, मान खाली घातलेली सून ही ‘प्राचीन कोरियन परंपरा’ नाही. ती झू शीचं पुस्तक घरात शिरल्यानंतरची आहे.

जुनाबाजार

बौद्धांच्या बाजूनं थोडं. आन ह्यांग गेल्यानंतर वीस वर्षांनी, १३२६ मध्ये, आपल्याकडचा एक भिक्खू गोर्योत आला होता. नाव ध्यानभद्र, तिकडे त्याला जीगोंग म्हणतात. तो मगधचा राजपुत्र असल्याचं परंपरा सांगते. सोलच्या उत्तरेला यांगजूमध्ये ह्वेआम्सा मठाची जागा आहे, तिथं त्याचा स्तूप आहे. तो बघायला मी गेलो होतो. डोंगरउतारावर नुसती जोती, पायऱ्या आणि चौथरे, एकावर एक चढत गेलेले. जोसॉनच्या पहिल्या राजाचा हा आवडता मठ होता, आणि त्याच राजाचा मंत्री जॉंग दोजॉन बौद्धांच्या खंडनाचा ग्रंथ लिहीत होता! पुढे मठांच्या जमिनी गेल्या, गुलाम गेले (हो, मठांकडेही गुलाम होते, हे रानजाईंसाठी), आणि भिक्खूंना राजधानीत यायची बंदी झाली.

एक विचारायचं होतं. फोटोत ओढ्याकाठच्या कातळावर लाल रंगानं भरलेलं अक्षर दिसतंय, ते काय?

दगडफूल

@जुनाबाजार, ते अक्षर ‘ग्यॉंग’. अर्थ आदर, पण झू शीच्या शिष्यांसाठी त्याहून जास्त: मन एका जागी, जागं, सावध ठेवणं. ते कोरलं जू से-बुंगनं. तो इथल्या पुंगी भागाचा अधिकारी होता. त्यानं १५४३ मध्ये आन ह्यांगच्या स्मृतीसाठी हे सॉवॉन काढलं, चीनमध्ये झू शीनं नव्यानं उभ्या केलेल्या ‘पांढऱ्या हरणाच्या गुहे’च्या शाळेचा नमुना समोर ठेवून. पहिलं नाव बेगुन्दोंग, ‘पांढऱ्या ढगांची दरी’.

लाल रंगाची गोष्ट मला तिथल्या वाटाड्या आजींनी सांगितली. १४५७ मध्ये पदच्युत बालराजा दानजोंगला परत गादीवर बसवायचा कट सुनहुंगमध्ये शिजला. तो फुटला आणि गावात कत्तल झाली. प्रेतं याच जुकग्ये ओढ्यात टाकली. रक्त वाहत जिथपर्यंत गेलं त्या गावाला अजून ‘पीक्कुत’ म्हणतात, रक्त संपलं ती जागा. पुढे सॉवॉनच्या विद्यार्थ्यांना रात्री ओढ्यातून रडणं ऐकू येई. म्हणून जू से-बुंगनं अक्षर लाल रंगानं भरलं आणि मेलेल्यांसाठी विधी केला, मग रडणं थांबलं. आजी ‘पीक्कुत’ म्हणताना हातानं ओढ्याची खालची दिशा दाखवत होत्या, जणू काल घडलं. मला राहून राहून वाटतं, भुताखेतांच्या पूजेवर चिडलेल्या आन ह्यांगच्या शाळेत, त्याच्या पंथाचं सगळ्यात लाडकं अक्षर शेवटी भुतांच्या शांतीसाठी वापरलं गेलं, आणि त्यात मला काही वाईट दिसत नाही. लोकांना त्याची गरज होती.

पुढे थ्वेगे (यी ह्वांग, १५०१–१५७०, इथल्या हजारच्या नोटेवर तोच आहे) याच पुंगीला अधिकारी म्हणून आला. त्यानं दरबाराकडे सनद मागितली. १५५० मध्ये राजानं ‘सोसू सॉवॉन’ अशी पाटी, पुस्तकं आणि मदत दिली. त्यानंतर सॉवॉनं भराभर वाढली. जमिनी करमुक्त, आणि एकेक सॉवॉन एकेका राजकीय गटाचा अड्डा होत गेलं. शेवटी १८७१ मध्ये राजाच्या वतीनं कारभार बघणाऱ्या त्याच्या वडिलांनी, देवॉनगुननं, ४७ ठेवून बाकीची सगळी बंद केली. हे त्या ४७ पैकी. २०१९ मध्ये नऊ सॉवॉनं जागतिक वारसा यादीत गेली, त्यातही हे आहे.

थ्वेगेबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती या धाग्याला शोभते. गी देसुंग नावाच्या, त्याच्यापेक्षा सव्वीस वर्षांनी लहान विद्वानानं १५५९ मध्ये त्याच्या सिद्धान्तावर आक्षेप घेतला: दया, लाज या भावना ‘ली’तून आणि राग, आनंद ‘ची’तून, असं तोडता येत नाही. तेव्हा थ्वेगे देशातला सगळ्यात मोठा पंडित होता. तरी त्यानं वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, आणि आक्षेप पटला तिथं स्वतःची वाक्यं बदलली.

पिंपळपान

ताई, विद्यार्थी राहायचे त्या खोल्यांचा फोटो आहे का? त्यांच्या जमिनीची पातळी गुरूंच्या खोल्यांपेक्षा खाली ठेवलेली आहे आणि इमारतही मागे सरकवून बांधली आहे म्हणे, गुरूच्या सावलीवर पाय पडू नये म्हणून.

दगडफूल

@पिंपळपान, आहे, उद्या टाकते. हो, पायरी उतरल्यासारखं स्पष्ट दिसतं.

@रानजाई, तुमचा प्रतिसाद वाचून मी मागच्या रविवारी मुद्दाम सोलला गेले. सोंगग्युन्ग्वानच्या अंगणात ती प्रचंड गिंको झाडं आहेत, शिकवण्याचं दालन आहे, दोन्ही बाजूंना विद्यार्थ्यांच्या खोल्यांच्या लांब ओळी आहेत. बाहेर जिथं बानचोन होतं तिथं आता कॉलेजच्या पोरांची खानावळी-कॉफीची गर्दी. मी जेवणघराच्या दाराशी बराच वेळ उभी होते. त्या काळी विद्यार्थ्यांची हजेरी इथंच लागे. सकाळी आणि संध्याकाळी जेवायला बसताना वहीत सही करायची, दोन्ही वेळच्या सह्या झाल्या की एक गुण. असे ३०० गुण झाले की मोठ्या परीक्षेला बसता येई. तीनशे दिवस, दोन वेळ, आणि प्रत्येक वेळी भात वाढणारा बानचोनचा कुणीतरी.

आन ह्यांगचं चित्र पुन्हा बघायला सुनहुंगला जाणार आहे. या वेळी त्या दोन दगडी खांबांपासून सुरुवात न करता ओढ्याकडून वर येईन.

रानजाई

जाल तेव्हा नक्की लिहा. मी वाट बघते.